पुवाच्या पट्ट्यांतून जनुकद्रव्यापर्यंत : फ्रीडरिश मीशर

रुग्णाच्या नाकातून वा घशातून घेतलेला स्वॅब प्रयोगशाळेत पोहोचला, की त्यात विषाणू आहे की नाही हे यंत्र लगेच सांगू शकत नाही. नमुन्यात लाळ असते, शेंबूड असतो, रुग्णाच्या स्वतःच्या पेशी असतात, प्रथिने असतात. हा सारा गाळ बाजूला सारून विषाणूचे जनुकद्रव्य तेवढे वेगळे काढावे लागते आणि मगच तपासणी सुरू होते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत 'आरटी-पीसीआर' हा शब्द घरोघरी पोहोचला, पुण्याच्या 'एनआयव्ही'चे नाव सर्वतोमुखी झाले. पण तपासणीची ही पहिली पायरी सामान्यांच्या नजरेआडच राहिली. रुग्णाच्या शरीरातील स्रावातून न्यूक्लिक आम्ल वेगळे काढण्याचे काम जगात प्रथम केले ते फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस डॉक्टरने, १८६९ मध्ये. विषाणू म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

मीशर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८४४ रोजी बाझल येथे झाला. घराणे वैद्यकाचे. वडील डॉक्टर आणि प्राध्यापक, तर मामा विल्हेल्म हिस हे नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ. मीशर १८६८ मध्ये डॉक्टर झाले खरे, पण त्यांना ऐकू कमी येत असे. रुग्णाच्या छातीतील आवाज ऐकून निदान करण्याच्या त्या काळात ही उणीव मोठीच होती. शरीराच्या ऊतींचे अखेरचे कोडे रसायनशास्त्रच सोडवील, असे हिस यांचे मत होते. भाच्याने ते मनावर घेतले आणि तो जर्मनीतील ट्यूबिंगेन गाठून फेलिक्स होप्पे-सायलर यांच्याकडे दाखल झाला. रक्तातील तांबड्या द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव देणारे ते हेच होप्पे-सायलर.

प्रयोगशाळा होती टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात आणि मीशर यांच्या वाट्याला आले होते किल्ल्याचे पूर्वीचे स्वयंपाकघर. पेशी नेमकी कशाची बनलेली असते, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी पांढऱ्या पेशी हव्या होत्या आणि त्याही भरपूर. लसिकाग्रंथींतून त्या पुरेशा मिळेनात. तेव्हा त्यांनी जवळच्या शस्त्रक्रिया रुग्णालयातून जखमांवरच्या पुवाने भिजलेल्या पट्ट्या आणवल्या. जंतुनाशकांचा वापर तेव्हा रुळलेला नव्हता, त्यामुळे पुवाला तोटा नव्हता. ज्या पट्ट्यांना दुर्गंधी सुटली असेल त्या टाकून द्यायच्या, उरलेल्या धुऊन पेशी सुट्या करायच्या, असा क्रम सुरू झाला. साध्या मिठाच्या पाण्याने पेशी फुगून चिकट लगदा होई. अनेक द्रावणे वापरून पाहिल्यावर सोडियम सल्फेटचे विरळ द्रावण लागू पडले. मग ते फडक्यातून गाळून कापसाचे तंतू काढायचे आणि पेशी तळाशी बसेपर्यंत वाट पाहायची. कामातील ही चिकाटी किळसवाणी वाटेल, पण पुढचे सारे यश तिच्यावरच उभे होते.

पेशींच्या अर्कात आम्ल टाकले की एक पांढरा साका खाली बसतो आणि अल्क टाकले की तो पुन्हा विरघळतो, हे त्यांच्या लक्षात आले. हे द्रव्य पेशीच्या केंद्रकातूनच येत असावे, असा त्यांचा तर्क होता. मग केंद्रके शुद्ध स्वरूपात मिळवण्याचा खटाटोप सुरू झाला. चरबी काढण्यासाठी कोमट अल्कोहोल; प्रथिने पचवण्यासाठी डुकराच्या जठरातून स्वतः काढलेले पेप्सिन. पेप्सिनने हे द्रव्य पचेना, म्हणजे ते प्रथिन नव्हते. त्यात गंधक नव्हते आणि फॉस्फरस मात्र भरपूर होते. केंद्रकात सापडले म्हणून मीशर यांनी त्याला 'न्यूक्लिन' असे नाव दिले. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो, ते हेच.

आजच्या प्रयोगशाळेतही क्रम फार वेगळा नाही. पेशी आणि विषाणूचे आवरण फोडायचे, प्रथिने निकामी करायची, अल्कोहोलने धुवायचे आणि अखेरीस न्यूक्लिक आम्ल स्वच्छ पाण्यात वा द्रावणात उतरवायचे. फरक आहे तो साधनांचा. ग्वानिडिनियम थायोसायनेट हे रसायन पेशी फोडते आणि त्याच वेळी जनुकद्रव्याचे तुकडे करणारी विकरे निकामी करते. सुटे झालेले जनुकद्रव्य सिलिकाच्या कणांना चिकटते. नेदरलँड्समधील विलेम बूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. मीशर यांना आठवडे लागत, ते काम आता तासाभरात होते. कोरोनाचे जनुकद्रव्य आरएनए असल्याने ते आधी डीएनएमध्ये उतरवून घ्यावे लागते, एवढी एक पायरी अधिक.

न्यूक्लिनचा शोध जगापुढे येण्यास मात्र १८७१ साल उजाडले. निष्कर्ष इतका अनपेक्षित होता, की होप्पे-सायलर यांनी सारे प्रयोग स्वतः करून पाहिल्याखेरीज तो निबंध छापला नाही. तोवर फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्धही होऊन गेले होते. गुरूचा हा संशय शिष्याला जाचला असेल. पण शास्त्राच्या दृष्टीने तो योग्यच होता.

पुढे मीशर बाझलला परतले आणि प्राध्यापक झाले. वडील आणि मामा दोघांनीही भूषविलेले पद वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाल्याने वशिल्याची कुजबुज झालीच. तेथे पुवाऐवजी त्यांनी ऱ्हाइन नदीतील सॅमन मासा निवडला. त्याच्या शुक्रपेशीचे डोके म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रकच. द्रव्य उष्णतेने खराब होते, म्हणून मीशर ऐन हिवाळ्यात, पहाटेपासून, गारठलेल्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवून काम करीत. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी त्यांना प्रयोगशाळेतून शोधून आणावे लागले, असे सांगतात.

फलनाला एखादे एकच द्रव्य कारणीभूत असेल तर सर्वप्रथम न्यूक्लिनचाच विचार करावा लागेल, इथपर्यंत ते १८७४ मध्ये पोहोचले होते. पण एकच द्रव्य एवढी विविधता घडवील, हे त्यांना पटेना आणि ते मागे सरले. त्यांनी लिहिलेही थोडेच. पुन्हापुन्हा पडताळा घेण्याच्या सवयीने बरेचसे काम वह्यांतच राहिले. अध्यापन, तुरुंगातील कैद्यांच्या आहाराची सरकारने सोपवलेली चौकशी, १८८५ मध्ये सुरू झालेली 'वेसालियानम' ही नवी संस्था, यांत शक्ती खर्ची पडली. अखेर क्षयाने गाठले आणि २६ ऑगस्ट १८९५ रोजी दावोस येथे, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर रिचर्ड आल्टमान यांनी १८८९ मध्ये 'न्यूक्लिक आम्ल' हे नाव रूढ केले होते.

विल्हेल्म हिस यांनी भाच्याचे निबंध आणि पत्रे एकत्र करून १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. न्यूक्लिनमध्येच आनुवंशिकता साठवलेली असते, याचा भक्कम पुरावा ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दिला. तेव्हा मीशर यांच्या जन्माला शंभर वर्षे होत होती. सॅमनपासून त्यांनी काढलेल्या न्यूक्लिनची एक काचेची कुपी ट्यूबिंगेनमध्ये जपून ठेवली आहे. तिच्यावर चिठ्ठी आहे आणि आत करड्या रंगाची भुकटी.