फुलाचा धडा आणि पाण्याचा धडा

शाळेत असताना ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आम्हाला पाठ होती. पिलांसाठी चारा घेऊन निघालेली ती घायाळ पक्षीण डोळ्यांसमोर आली की वर्गातल्या दांडगट मुलांचेही डोळे भरून येत. कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी, एवढे बाईंनी सांगितले होते. ते बिरुद मला फार आवडायचे. पुढे संसारात पडले, महिनाअखेरीला डबे खडखडू लागले, तेव्हा मात्र एक प्रश्न मनात आला. फुलांवर इतके प्रेम करणाऱ्या या माणसाच्या घरी तांदळाचा डबा कोण भरत असेल?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लहानपणीच आई गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे संस्कृत शिकला, कविता करू लागला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांची पत्नी झाली. तीच आपली लक्ष्मीबाई. संसार म्हणजे नुसती बिऱ्हाडे बदलणे! आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. काव्याच्या गप्पा धर्मावर आल्या आणि त्याने नवा करार त्यांच्या हाती ठेवला. टिळक तो वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनाने भारावून गेले. त्यात येशू शास्त्रार्थ करत बसत नाही. तो मीठ दाखवतो, दिवा दाखवतो, पाखरे आणि रानफुले दाखवतो, आणि उद्याचा घोर सोडायला सांगतो. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या कवीला ही बोली परकी कशी वाटणार? तुकोबाही असेच घरातल्या-शेतातल्या गोष्टींतून बोलत. ‘वनवासी फूल’सारखी दीर्घ कविता लिहिणाऱ्या टिळकांना रानातले फूल हा नुसता शोभेचा विषय नव्हता. फुलाला जपणारा देव आपल्यालाही जपेल, हे त्यांनी अक्षरशः खरे मानले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरातल्यांनी मोजली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. चार-पाच वर्षे नवरा-बायको वेगळी होती. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला, अशा बाईचे दिवस कसे गेले असतील, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते. ती पाने वाचताना टिळकांचा मला रागही आला, हे कबूल करते.

शेवटी त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी धर्मासाठी जबरदस्ती केली नाही. बाहेरून आलेल्या जिनसाही धुऊन घेणाऱ्या बापाची ही मुलगी. जात देवाने केली की माणसाने, हा विचार तिचा तिनेच केला. उत्तर मिळाले आणि ती कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागली. १९०० साली तिने स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांना धडा फुलाने दिला, लक्ष्मीबाईंना पाण्याच्या तांब्याने!

पुढच्या संसारात दोन्ही धडे एका छताखाली नांदले. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. येईल त्याला द्यावे, येईल त्याला घरी आणावे. पोरकी मुले घरात आली, ती लक्ष्मीबाईंनी पदराखाली घेतली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी कोवळ्या बालकवी ठोंबऱ्यांना हेरले, घरी आणले. लक्ष्मीबाई त्यांची आईच झाल्या. बालकवी त्या ख्रिस्ती घरात राहिले, जेवले, वाढले, पण हिंदूच राहिले. उमलणाऱ्या फुलाला कोणी रंग बदलायला सांगत नाही, हे टिळकांना समजले होते.

तांदळाच्या डब्याचे उत्तर मला इथे मिळाले. टिळक उद्याचा घोर करत नसत आणि लक्ष्मीबाईंना आज चूल पेटवायची असे. त्या चिडत, भांडत, हसत आणि पानावर एक माणूस वाढवून घेत. त्या मूळ प्रवचनातही फुलांना सजवणारा कोणीतरी आहेच ना? टिळकांच्या घरी देवाने ते काम बरेचसे लक्ष्मीबाईंच्या हातून करून घेतले, असे मला वाटते.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचा आधारही सोडला. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र यावे, ही कल्पना. ती फार पुढे गेली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. आयुष्याचे काम म्हणून हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ अर्धेमुर्धे राहिले.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी! शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने नवऱ्याचे महाकाव्य पूर्ण केले. १९३६ साली त्या गेल्या. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शेवंतीची एक कुंडी आहे. सकाळी तांदूळ निवडताना तिच्याकडे नजर जाते. आधी टिळक आठवतात. मग रोपाला पाणी घालायला मी उठते, तेव्हा लक्ष्मीबाई आठवतात.