पाण्यात घट्ट होणारा चुना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ नावाचे बंदर आहे. तेथून सुमारे २२ किलोमीटर दूर, भर समुद्रात एडिस्टन नावाचे खडक आहेत. भरतीच्या वेळी ते जवळजवळ पाण्याखाली जातात. अंधारात कितीतरी जहाजे त्यांच्यावर आपटून फुटत. तेथले पहिले दीपगृह १७०३ सालच्या वादळात वाहून गेले. ते बांधणारा विन्स्टॅन्ली त्या रात्री आतच होता, तोही गेला. पुढचे दीपगृह बहुतेक लाकडाचे होते. ते १७५५ साली जळाले.

मग हे काम जॉन स्मीटनकडे आले. त्याचा जन्म १७२४ साली लीड्स शहराजवळ झाला. त्याने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. पण त्याचे मन हत्यारांत आणि यंत्रांत रमे. कायद्याचे शिक्षण सोडून तो लंडनमध्ये शास्त्रीय उपकरणे बनवू लागला.

स्मीटनने दगडी मनोरा बांधायचे ठरवले. दगड एकमेकांत अडकून बसतील असे त्याने ते घडवून घेतले. खरी अडचण चुन्याची होती. साधा चुना हवेत घट्ट होतो, पाण्यात होत नाही. शिवाय त्यात पाणी मुरते. थंड देशात हे पाणी गोठते, फुगते आणि सांधे फोडते. एडिस्टनला तर रोज दोनदा भरती! सांधा पक्का होण्याआधीच लाटा चुना धुऊन नेणार.

स्मीटनने ठिकठिकाणचे चुने आणले. त्यांचे लहान लहान गोळे करून पाण्यात ठेवले. दगड जितका कठीण, तितका त्याचा चुना चांगला, असे तेव्हाचे गवंडी मानत. ते खोटे ठरले. मग त्याने चुनखडीचे दगड आम्लात विरघळवले. ज्या दगडाचा चुना पाण्यात घट्ट होई, त्याच्या तळाशी चिकणमाती उरे. गुण त्या मातीचा होता!

वेल्समधील अबरथॉ गावचा चुना आणि इटलीतील ज्वालामुखीची राख त्याने सारख्या प्रमाणात मिसळली. आपल्याकडे जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, घालत. तिचे कामही असेच.

१६ ऑक्टोबर १७५९ रोजी दीपगृहात २४ मेणबत्त्या पेटल्या. स्मीटन १७९२ साली वारला. पुढे मनोऱ्याखालचा खडकच झिजू लागला, म्हणून १८८२ साली शेजारी नवे दीपगृह उभारले. जुन्याचा वरचा भाग काढून प्लिमथला बसवला. खालचा भाग मात्र अजून त्याच खडकावर, लाटांच्या माऱ्यात उभा आहे.