नाटककार व्हायला निघालेला शास्त्रज्ञ : क्लोद बर्नार

चहातली साखर पोटात गेल्यावर तिचे काय होते? लहान आतड्यात तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात आणि ते रक्तावाटे यकृताकडे जातात. यकृत या साखरेचे काय करते, हे कोडे सोडवले ते नाटककार होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या एका तरुणाने!

क्लोद बर्नार यांचा जन्म १८१३ साली फ्रान्समधील सँ-झ्युलियाँ या खेड्यात, द्राक्षमळेवाल्याच्या घरी झाला. लिऑं शहरी औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना त्यांनी एक हलकेफुलके नाटक लिहिले. त्याचा प्रयोगही झाला. मग एक ऐतिहासिक नाटक घेऊन १८३४ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. तेथील समीक्षक जिरार्दँ यांनी ते वाचून, पोटापाण्यासाठी आधी वैद्यक शिका, असा सल्ला दिला. बर्नार यांनी तो मानला.

साखर फक्त वनस्पतीच तयार करतात, प्राणी ती नुसती खर्च करतात, असे त्या काळी मानले जाई. बर्नार यांनी कुत्र्याला केवळ मांसावर ठेवले. आतड्याकडून यकृताकडे येणाऱ्या रक्तात साखर नव्हती. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात मात्र ती भरपूर होती! पुढे १८५५ मध्ये त्यांनी एक यकृत पाण्याने धुऊन साखररहित केले व तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर आढळली. यकृतात साखरेचा साठा दडलेला असतो, हे उघड झाले. १८५७ मध्ये त्यांनी तो पिष्टमय पदार्थ वेगळा काढला. तोच ग्लायकोजेन. जेवणानंतर साठवायचे आणि उपवासात रक्ताला पुरवायचे, हा यकृताचा संसार असा उलगडला.

त्यांचा स्वतःचा संसार मात्र मोडला. पत्नीने आणलेल्या हुंड्याचा संशोधनाला आधार होता. पण जिवंत जनावरांची ती चिरफाड तिला असह्य होई. अखेर दोघे विभक्त झाले. पत्नी व मुली प्राण्यांवरील अशा प्रयोगांच्या विरोधात उभ्या राहिल्या.

१८६८ मध्ये साहित्यिकांना भूषणावह असे फ्रेंच अकादमीचे सदस्यत्व त्यांना लाभले, तेही नाटकाविना. १८७८ मध्ये ते वारले, तेव्हा सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली. मधुमेहाच्या आजच्या ज्ञानाच्या पायाशी त्यांची बुद्धी आहे, तशीच त्या मुक्या जिवांची वेदनाही आहे. मित्रहो, दोन्हींचे ऋण आपण मानले पाहिजे.