क्रीडावीर जिम थॉर्प

शंभर यार्डांची शर्यत जिंकणारा मुलगा फुटबॉलच्या संघांत घ्यावा कीं नाहीं, हा वाद बहुतेक प्रत्येक शाळेच्या मैदानावर केव्हांना केव्हां तरी होतोच. एक पक्ष म्हणतो कीं, पायांत वेग असला म्हणजे बाकीचें सारें शिकवितां येतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, आंखलेल्या रेषेंत एकट्यानें धांवणें निराळें आणि अंगावर येणारे गडी चुकवीत धांवणें निराळें. हा वाद मिटविण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. परंतु अमेरिकेंत ह्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. तेथील कॉलेजें फुटबॉलसाठीं मुलें निवडूं लागलीं म्हणजे मुलानें शाळेच्या शर्यतींत १०० मीटर अंतर किती सेकंदांत तोडलें, हें पाहिल्यावांचून राहत नाहींत. म्हणून त्या देशांतील एका अशा पुरुषाचें चरित्र आम्ही येथें देत आहों, कीं ज्याच्या ठिकाणीं हे दोन्ही गुण एकत्र आले होते.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तेथें चेंडू अंडाकृति असतो, तो बहुतेक वेळ हातांत किंवा कांखेंत धरलेला असतो, आणि तो घेऊन धांवणाऱ्यास प्रतिपक्षाचे गडी धरून जमिनीवर पाडतात. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोंचणें ह्यास टचडाऊन म्हणतात.

जिमचा जन्म इ. स. १८८७ च्या मे महिन्यांत झाला. जन्मस्थळ त्या काळीं इंडियन टेरिटरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखांत होतें. हा मुलूख पुढें १९०७ सालीं ओक्लाहोमा राज्यांत समाविष्ट झाला. ज्या मूळ रहिवाशांना आपल्याकडील जुन्या पुस्तकांत रेड इंडियन म्हटलेलें असे, त्यांच्यापैकीं सॅक ऍण्ड फॉक्स ह्या जमातीचा तो होता. जमातीच्या भाषेंत त्याचें नांव वा-थो-हक असें होतें. त्याचा अर्थ उजळलेली वाट असा सांगतात. त्याला चार्ली नांवाचा जुळा भाऊ होता. दोघे बरोबर शाळेंत जात, बरोबर रानांत हिंडत. चार्ली वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास न्युमोनियानें वारला, आणि तेव्हांपासून जिमचें मन शाळेंत रमेना. तो पळून घरीं येई, बाप त्यास परत पोंचवी, आणि तो पुन्हां पळे. पुढें थोड्याच वर्षांत आई वारली, व मागून बापही गेला.

सोळा-सतरा वर्षांचा असतांना, १९०४ सालीं, त्याला पेन्सिल्व्हानिया राज्यांतील कार्लाइल येथील शाळेंत धाडण्यांत आलें. ह्या शाळेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ती १८७९ सालीं रिचर्ड हेन्री प्रॅट नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें स्थापिली होती. मूळ रहिवाशांचीं मुलें आईबापांपासून शेंकडों कोस दूर आणून त्यांना गोऱ्यांच्या चालीरीति शिकवाव्यात, हा तिचा हेतु. मुलगा आला कीं त्याचे केस कापीत, त्याला गणवेश चढवीत, आणि त्याला आपली भाषा बोलण्याची मनाई करीत. अर्धा दिवस पुस्तकें व अर्धा दिवस सुतारकाम, शिंपीकाम असे धंदे असत. कांहीं महिने मुलांना शेतकऱ्यांच्या घरीं कामासही पाठवीत. कित्येक मुलें घरीं परतलींच नाहींत. त्यांचीं थडगीं त्या आवारांत होतीं. शाळा म्हणजे मुलांचें दुसरें घर असावें असें आम्ही मानतों, आणि म्हणूनच ही हकीकत वाचून आमचें मन खिन्न झालें. पण जिमची कीर्ति ह्याच शाळेच्या मैदानावर जन्मली, हेंही खरें आहे.

ती कशी जन्मली ह्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९०७ सालच्या वसंत ऋतूंत कांहीं मुलें उंच उडीचा सराव करीत होतीं. आडवी काठी ५ फूट ९ इंचांवर होती व कोणासही ती ओलांडतां येईना. जिम कामाच्या कपड्यांत तेथून चालला होता. त्यानें एकवार उडी मारून पाहण्याची परवानगी मागितली, आणि तो काठी न हलवितां पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशीं शाळेचे क्रीडाशिक्षक ग्लेन वॉर्नर ह्यांनीं त्यास बोलावून घेतलें.

वॉर्नर हे धांवण्याचे व फुटबॉलचे, अशा दोन्ही संघांचे शिक्षक होते. जिमनें फुटबॉल खेळण्याची इच्छा दर्शविली तेव्हां त्यांना ती रुचली नाहीं. धांवण्याच्या व उड्यांच्या शर्यतींतील आपला उत्तम गडी त्या धसमुसळ्या खेळांत पाय मोडून घेईल, ही त्यांना धास्ती. तथापि जिमचा हट्ट सुटेना. शेवटीं वॉर्नरनीं त्याच्या हातीं चेंडू दिला आणि संघांतील सर्व गड्यांना त्यास पाडण्यास सांगितलें. एकदां धांवून दमला व चार ठिकाणीं खरचटला म्हणजे हौस आपोआप फिटेल, असा त्यांचा अंदाज असावा. जिम सर्वांमधून धांवत पलीकडे पोंचला. वॉर्नरनीं चिडून पुन्हां एकदां तेंच करावयास लावलें, आणि पुन्हां तेंच घडलें. ह्यानंतर वॉर्नर कांहीं बोलले नाहींत.

येथें वेगाविषयीं थोडें लिहावयास हवें, कारण आमच्या मुलांना ह्यांत गोडी वाटेल. १९०५ पर्यंत अमेरिकन फुटबॉल म्हणजे निव्वळ रेटारेटीच होती. जड अंगाचे गडी एकमेकांस चिकटून भिंतीप्रमाणें पुढें सरकत, व मध्यें सांपडलेल्यांचीं हाडें मोडत. त्या वर्षीं इतके तरुण ह्या खेळांत प्राणांस मुकले कीं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांना कॉलेजांच्या चालकांस बोलावून घ्यावें लागलें. १९०६ सालीं नियम बदलले. चेंडू पुढें फेंकण्याची मुभा मिळाली, आणि चेंडू आपल्याकडे राखण्यासाठीं पूर्वीं पांच यार्ड पुढें जावें लागे, तेथें दहा यार्ड जावें लागूं लागलें. दहा यार्ड केवळ रेटून मिळत नाहींत. त्यांसाठीं भिंतीला वळसा घालून धांवावें लागतें. अशा रीतीनें हा खेळ वजनाच्या हातून सुटून वेगाच्या हातीं येऊं लागला. कार्लाइलचीं मुलें हार्वर्ड किंवा पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांतील धष्टपुष्ट तरुणांपुढें किरकोळ दिसत. पण तीं चपळ होतीं, आणि वॉर्नरसारखा कल्पक शिक्षक त्यांना लाभला होता. नवे नियम जणूं त्यांच्यासाठींच झाले होते.

जिम मात्र किरकोळ नव्हता. उंची जवळजवळ सहा फूट, वजन सुमारें १८५ पौंड. केवळ घड्याळाकडे पाहिलें तर तो जगांतील सर्वांत वेगवान पुरुष होता असें म्हणतां येणार नाहीं. १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरची शर्यत राल्फ क्रेग ह्यानें १०.८ सेकंदांत जिंकली. जिमला दशस्पर्धेंत तेंच अंतर तोडण्यास ११.२ सेकंद लागले. परंतु क्रेगला एवढ्या वजनाच्या गड्यांच्या गर्दींतून जावयाचें नव्हतें. जिमचा विशेष असा कीं, तो धांवतां धांवतां वेग कमी करी, समोरचा गडी फसला कीं एकदम वाढवी, आणि चुकवितां येणें अशक्यच झालें तर खांदा लावून त्यास लोळवी. वेग राखून ठेवणें ही वेगापेक्षांही दुर्मिळ कला आहे, असें आमचें मत आहे.

१९०९ सालीं जिमनें शाळा सोडली, व दोन उन्हाळे नॉर्थ कॅरोलायना राज्यांत लहानशा बेसबॉल संघांतून खेळून थोडे पैसे मिळविले. अनेक कॉलेजांचे विद्यार्थी असेंच करीत; परंतु ते खोटीं नांवें घेत. जिमनें आपलेंच नांव लाविलें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१९११ सालीं तो कार्लाइलला परतला. त्या वर्षीं ११ नोव्हेंबरला कार्लाइलनें बलाढ्य हार्वर्डचा १८ विरुद्ध १५ असा पराभव केला. जिमच्या दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधलेल्या होत्या. तरी त्या १८ पैकीं १२ गुण त्यानें चेंडू चार वेळां खांबांमधून लाथाडून मिळविले.

पुढील उन्हाळ्यांत तो स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें गेला. त्याच्याबरोबर कार्लाइलचाच लुई टेवानिमा हा होपी जमातीचा धांवपटु होता. त्यानें १०,००० मीटरच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें. जिमनें प्रथम पंचस्पर्धेंत भाग घेतला. लांब उडी, भालाफेंक, २०० मीटर, थाळीफेंक आणि १५०० मीटर ह्या पांचांपैकीं भालाफेंकीखेरीज चारही बाबींत तो पहिला आला. २०० मीटरला त्यास २२.९ सेकंद लागले. त्यानंतर तीन दिवस चालणारी दशस्पर्धा झाली. तिच्या वेळीं कोणीं तरी त्याचे बूट पळविले! त्यानें कोठून तरी दोन निरनिराळे बूट पैदा केले. एक मोठा होता म्हणून त्या पायांत जास्त मोजे घातले. दोन पायांत दोन तऱ्हांचे बूट घातलेलें त्याचें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें. त्याच बुटांनीं तो खेळला आणि ८,४१२ गुण मिळवून पहिला आला. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो विसलँडर त्याच्या मागें जवळजवळ ७०० गुणांनीं होता. राजे पांचवे गुस्ताव ह्यांनीं स्वहस्तें त्यास बक्षिसें दिलीं व तो जगांतील सर्वश्रेष्ठ क्रीडापटु असल्याचें बोलून दाखविलें. न्यूयॉर्कमध्यें त्याची मिरवणूक निघाली. ज्या देशासाठीं तो जिंकला त्या देशाचें नागरिकत्व त्याच्या लोकांपैकीं सर्वांना १९२४ पर्यंत मिळालेलें नव्हतें, हें येथें नमूद करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

त्याच वर्षीं ९ नोव्हेंबरला कार्लाइलनें वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या संघास २७ विरुद्ध ६ असें हरविलें. ज्यांच्या बापांना सैन्यानें जमिनींवरून हुसकून लाविलें, तीं मुलें भावी सेनाधिकाऱ्यांविरुद्ध खेळत होतीं. तेव्हां हा सामना केवळ खेळ राहिला नसेल. लष्करी संघांत ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण होता. पुढें तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि अनेक वर्षांनंतरही जिमच्या खेळाची तो आठवण काढी.

आणि मग घाव पडला. जानेवारी १९१३ मध्यें एका वर्तमानपत्रानें जिमच्या बेसबॉलच्या कमाईची बातमी छापली. ज्यानें कोणत्याही खेळासाठीं पैसा घेतला त्यास ऑलिंपिकमध्यें स्थान नाहीं, असा तेव्हांचा नियम होता. जिमनें पत्र लिहून सर्व कबूल केलें, व आपण कायदेकानूंत अज्ञान असलेला एक विद्यार्थी होतों असें विनविलें. वॉर्नर व शाळेचे अधीक्षक ह्यांनीं आपणांस ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें असें सांगितलें. पुढील बहुतेक चरित्रकारांना तें खरें वाटलेलें नाहीं, आणि आम्हांसही वाटत नाहीं. शिष्य संकटांत असतां गुरूनें बाजूला सरावें, ह्यासारखी क्लेशदायक गोष्ट नाहीं. शिवाय ऑलिंपिकच्याच नियमांप्रमाणें अशी हरकत बक्षीससमारंभानंतर ३० दिवसांच्या आंत घ्यावयास हवी होती. येथें तर सहा महिने लोटले होते. तरी त्याचीं पदकें परत घेऊन तीं नॉर्वेचा फर्डिनांड बी व स्वीडनचा विसलँडर ह्यांना देण्यांत आलीं, आणि जिमचें नांव विजेत्यांच्या यादींतून खोडलें गेलें.

ह्यानंतर तो उघडपणें पैसे घेऊन खेळूं लागला. १९१३ ते १९१९ तो मोठ्या बेसबॉल संघांत होता. १९१५ पासून ओहायो राज्यांतील कँटन येथील फुटबॉल संघ त्यास सामन्यामागें २५० डॉलर देई. १९२० सालीं धंदेवाईक फुटबॉल संघांची जी संघटना निघाली तिचा तो पहिला अध्यक्ष झाला. आजची नॅशनल फुटबॉल लीग ती हीच. खेळ त्यानें १९२८ पर्यंत सोडला नाहीं. पण पाय थकले तसें दैवही थकलें. पहिला मुलगा लहानपणींच वारला होता; संसार दोनदां मोडला; दारूचें व्यसन जडलें. मंदीच्या काळांत त्यानें कुदळ हातीं धरून मजुरी केली, व चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें ऑलिंपिक सामने भरले तेव्हां तिकिटापुरते पैसेही त्याच्यापाशीं नव्हते. हें वृत्त कळतांच उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस ह्यांनीं, ज्यांच्या अंगांत कॉ जमातीचें रक्त होतें, त्यास आपल्याजवळ बसविलें, आणि त्यास पाहून हजारों प्रेक्षक उठून उभे राहिले. १९५० सालीं अमेरिकेंतील वृत्तलेखकांनीं गेल्या अर्धशतकांतील सर्वश्रेष्ठ क्रीडापटु म्हणून त्याचीच निवड केली. २८ मार्च १९५३ रोजीं कॅलिफोर्नियांत, चाकांवरच्या एका लहानशा घरांत, हृदयविकारानें त्याचा अंत झाला.

त्याच्या मुलांनीं व चाहत्यांनीं पदकांचा पाठपुरावा सोडला नाहीं. १९८२ सालीं ऑलिंपिक समितीनें निर्णय फिरविला, व जानेवारी १९८३ मध्यें पदकांच्या प्रतिकृति मुलांच्या हवालीं केल्या. मात्र त्यास बी व विसलँडर ह्यांच्या जोडीनें संयुक्त विजेता ठरविलें. पुढें विसलँडरच्या घराण्यानें कळविलें कीं, त्यानें स्वतःस कधींच खरा विजेता मानलें नव्हतें. नॉर्वेच्या क्रीडासंघटनेनेंही तसाच अभिप्राय दिला. १५ जुलै १९२२ नव्हे, तर २०२२ रोजीं, म्हणजे दशस्पर्धा संपल्यास बरोबर ११० वर्षें झालीं त्या दिवशीं, जिम थॉर्प हाच एकटा विजेता म्हणून जाहीर झाला.

त्याच्या देहाची कथा मात्र निराळी आहे. ओक्लाहोमांत जमातीच्या रीतीप्रमाणें अंत्यविधि चालला असतांच त्याच्या तिसऱ्या पत्नीनें शव तेथून हलविलें. पेन्सिल्व्हानियांतील मॉक चंक नांवाचें गांव त्या वेळीं डबघाईस आलें होतें. त्यानें स्मारक बांधण्याचें व आपलें नांवच बदलून जिम थॉर्प ठेवण्याचें कबूल केलें, आणि १९५४ सालीं तसें झालें. आपल्या बापास स्वकीयांच्या भूमींत नेतां यावें म्हणून त्याच्या मुलांनीं २०१० सालीं कोर्टांत दावा लाविला. खालच्या कोर्टांत ते जिंकले, वरच्या कोर्टांत हरले, आणि २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण ऐकण्यास नकार दिला. जिम अद्याप त्याच गांवीं आहे. त्याच्या स्मारकापाशीं दोन ठिकाणची माती आणून घातलेली आहे: एक ओक्लाहोमाची, व दुसरी स्टॉकहोमच्या क्रीडांगणाची.