सेल्बोर्नचे पाळक आणि त्यांचे कासव

हिवाळा लागला की आपल्याकडे तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा बसू लागतात. काळसर निळी पाठ, दुभंगलेली शेपटी, आणि घटकाभरही न थांबणारी भरारी. उन्हाळा चढू लागला की त्या दिसेनाशा होतात. इंग्लंडात याच्या नेमके उलटे घडते. तेथे भिंगऱ्या वसंतात येतात आणि थंडीच्या तोंडावर निघून जातात. त्या जातात कोठे, या एका प्रश्नाने अडीचशे वर्षांपूर्वी एका खेड्यातील पाळकाची आयुष्यभर पाठ सोडली नाही. त्या पाळकांचे नाव गिल्बर्ट व्हाइट. त्यांची ओळख आम्ही येथे थोडक्यात करून देत आहोत.

व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी दक्षिण इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात, सेल्बोर्न या गावी झाला. त्यांचे आजोबा तेथील मुख्य पाळक होते आणि नातवाचा जन्मही त्या पाळकबंगल्यातच झाला. पुढे व्हाइट ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिकले, त्याच कॉलेजाचे फेलो झाले आणि १७४९ मध्ये त्यांना पूर्ण पाळकीय दीक्षा मिळाली. परंतु आजोबांची जागा त्यांना कधीच मिळाली नाही. सेल्बोर्नचा मुख्य पाळक नेमण्याचा हक्क मॉडलिन कॉलेजाकडे होता, आणि व्हाइट पडले ओरिएलचे! बाहेरगावी याहून चांगल्या जागा मिळण्यासारख्या असूनही त्यांनी गाव सोडले नाही. साहाय्यक पाळक म्हणून तेथे त्यांनी चार वेळा सेवा केली आणि शेवटच्या खेपेस ती मरेपर्यंत केली. लग्न केले नाही, मोठे प्रवास केले नाहीत. बाप्तिस्मे, विवाह, दफनविधी आणि रविवारची उपासना यांतून वेळ मिळाला की ते रानात नाहीतर बागेत दिसत. १७५१ पासून बागेची आणि १७६८ पासून सृष्टीतील घडामोडींची नोंदवही त्यांनी नेमाने ठेवली.

त्या काळचे बहुतेक विद्वान मेलेले पक्षी कपाटात मांडून अभ्यास करीत. व्हाइट यांनीही पक्षी मारून तपासले, नाही असे नाही. परंतु त्यांचा खरा भर जिवंत प्राण्याकडे पाहण्यावर होता. झाडीत वावरणारे तीन चिमुकले पक्षी दिसायला इतके सारखे की लोक त्यांना एकच समजत. व्हाइट यांनी त्यांचे गाणे कान देऊन ऐकले आणि १७६८ मध्ये या तीन निराळ्या जाती आहेत हे दाखवून दिले. शेतातील एका इवल्याशा उंदराची इंग्लंडात पहिली नीट ओळख त्यांनीच करून दिली. असे दोन उंदीर तराजूत घातले तेव्हा त्यांचे वजन तांब्याच्या एका अर्ध्या पेनीइतके, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम भरले. या उंदराचे गव्हाच्या पात्यांनी विणलेले घरटे क्रिकेटच्या चेंडूएवढे होते. आत आठ पिल्ले असतानाही ते टेबलावरून घरंगळत नेता येई, इतकी त्याची वीण घट्ट होती!

रातवा हा पक्षी शेळ्यांचे दूध चोरून पितो, असा समज युरोपात फार जुना आहे. व्हाइट यांनी त्याला पतंग व भुंगेरे खाताना पाहिले आणि तो दोष त्याच्यावरून काढून टाकला. एकदा शेजारीमंडळी टेकडीवरील गवती झोपडीत चहा घेत असताना एक रातवा झोपडीच्या शेंड्यावर येऊन घुमू लागला. त्या एवढ्याशा जीवाच्या आवाजाने सारी झोपडी थरथरली, अशी नोंद व्हाइट यांनी केली आहे. पाकोळ्यांचे मीलन उडता उडता होते हेही त्यांनी लिहून ठेवले आणि पुढील अभ्यासकांना ते खरे आढळले. गांडूळ म्हणजे बागेचा शत्रू, असे माळी म्हणत. गांडुळे नसतील तर जमीन घट्ट आणि नापीक होईल, असे व्हाइट यांनी प्रतिपादन केले. चार्ल्स डार्विन यांचा गांडुळांवरील ग्रंथ त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८८१ मध्ये निघाला.

आता त्यांच्या कासवाविषयी. व्हाइट यांच्या आत्याबाईंनी ससेक्समध्ये एक कासव पाळले होते. त्याचे नाव टिमथी. तीस वर्षांहून अधिक काळ खाऊ घालणाऱ्या त्या वृद्ध बाई दिसल्या की ते खुरडत त्यांच्याकडे निघे. परक्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नसे. पाठीवरून गाडीचे चाक गेले तरी निभावेल अशी ढाल असूनही पावसाचे चार थेंब पडायच्या आत ते आडोसा गाठी. १७८० मध्ये आत्याबाई वारल्या आणि व्हाइट यांनी त्या झोपलेल्या प्राण्याला मातीतून उकरून घोडागाडीने घरी आणले. त्यांनी त्याचे वजन केले, कर्ण्यातून त्याला हाका मारल्या. कासवाने दाद दिली नाही. पाण्याच्या टबात सोडले तर ते हळूहळू बुडाले आणि घाबरून तळाशी चालू लागले. हाच कर्णा त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यांपुढेही वाजवला. माश्यांनी आपले काम सोडले नाही. आणि गंमत अशी की टिमथी नर नव्हेच, ती मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने कळले. तिची ढाल आजही लंडनच्या निसर्गइतिहास संग्रहालयात आहे.

आता पुन्हा भिंगऱ्यांकडे वळू. त्या हिवाळ्यात बिळात किंवा पाण्याखाली झोपून राहतात, असे तेव्हा अनेक शहाणे लोक मानीत. व्हाइट यांचे बंधू जिब्राल्टरला सैन्याचे पाळक होते. भिंगऱ्या समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असे त्यांनी कळवले. तरीही काही पक्षी मागे राहून झोपत असावेत, ही शंका व्हाइट यांच्या मनातून गेली नाही. १७८१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मजूर लावून टेकडीवरची झुडपे व बिळे धुंडाळली. शोध चालू असतानाच रस्त्यावरून एक भिंगरी उडत आली आणि एका घराच्या वळचणीतील घरट्यात शिरली! झोपलेली भिंगरी त्यांना कधीच सापडली नाही. सापडली नाही, असेच त्यांनी लिहिले. १९११ मध्ये इंग्लंडात पायात कडे घातलेली एक भिंगरी १९१२ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात मिळाली, तेव्हा हे कोडे पुरते सुटले.

या माणसाचा अंदाज चुकला, परंतु त्याने नोंद खोटी केली नाही. आम्हांला त्यांच्या चरित्रातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्या मताला सोयीचे तेवढे पाहावे आणि बाकीचे झाकावे, हा मोह विद्वानांना होतो तसा उपदेशकांनाही होतो. आम्ही तरी त्यातून सुटलो आहोत असे म्हणवत नाही. करकोचा आणि भिंगरी आपापला काळ ओळखतात, असे यिर्मया संदेष्ट्याने म्हटले आहे. व्हाइट यांनी तो काळ वर्षानुवर्षे तारीखवार टिपला.

मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून तयार झालेले त्यांचे सेल्बोर्नवरील पुस्तक १७८९ मध्ये निघाले. त्याच्या आजवर शेकडो आवृत्त्या झाल्या आहेत. २६ जून १७९३ रोजी व्हाइट यांना देवाज्ञा झाली. सेल्बोर्नच्या मंदिराच्या अंगणातील त्यांच्या लहानशा दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि तारीख, एवढेच कोरलेले आहे. मोठी जागा न मिळालेल्या या पाळकाने मिळालेली लहान जागा किती बारकाईने पाहिली! यंदा तारांवर भिंगऱ्या आल्या म्हणजे आपणही घरातील मुलांना एक वही द्यावी आणि पहिली भिंगरी दिसल्याची तारीख लिहून ठेवायला सांगावे.