इरावती कर्वे : मोजमापाशी इमान राखणारी विदुषी

मराठी वाचकांना इरावती कर्वे परिचित आहेत त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून. साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविलेल्या या ग्रंथातील चिकित्सक दृष्टी त्यांनी कमावली ती मानवशास्त्राच्या अभ्यासातून, आणि त्या अभ्यासाच्या आरंभीच त्यांच्या संशोधननिष्ठेची कसोटी लागली.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. पुण्यातील हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर हे त्यांचे पती.

१९२८ मध्ये त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत दाखल झाल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता अधिक असते व ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. असमानता सर्वत्र आढळली, परंतु तिचा वंशाशी संबंध दिसला नाही. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्याच गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी निःसंदिग्धपणे मांडला आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. फिशर पुढे नाझींच्या वंशवादी धोरणाचे पाठीराखे ठरले.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातेतील लांघणज येथील अश्मयुगीन मानवी अवशेषांच्या शोधात त्यांचा सहभाग होता. १९५३ च्या ग्रंथात त्यांनी भारतातील नातेसंबंधांची मांडणी भाषा आणि भूप्रदेश यांच्या आधारे केली. उत्तर व दक्षिण या दोन रीतींमधला दुवा म्हणून महाराष्ट्राचे स्थान त्यातून स्पष्ट झाले. जातीजातींची शरीरमापे घेण्याची त्यांची पद्धत मात्र पुढच्या अभ्यासकांच्या टीकेचा विषय झाली.

आयुष्याच्या अखेरीस त्यांचे लक्ष कोयनेकडे वळले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेचे नाव जगभर पोहोचले. हा भूकंप जलाशयाच्या भारामुळे व झिरपणाऱ्या पाण्यामुळे चेतवला गेला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ आज मानतात. त्याच धरणासाठी उठविल्या गेलेल्या कुटुंबांची पाहणी इरावतीबाईंनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली व ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. विकासाचा हिशेब मांडताना घरदार सोडणाऱ्यांची मोजदाद आधी व्हावी, हा धडा पुढील प्रत्येक प्रकल्पाला लागू पडणारा होता.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. बर्लिनच्या कवट्या असोत की कोयनेची विस्थापित कुटुंबे, जे आढळले ते कोणाच्या सोयीसाठी न बदलता नोंदवायचे, हा त्यांनी घालून दिलेला दंडक संशोधकांना आजही मार्गदर्शक आहे.