संत कॅमिलस दी लेलिस : रुग्णसेवकांचे आश्रयदाते

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कॅमिलस दी लेलिस यांचा सण साजरा करते. रुग्णांचे, रुग्णालयांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी बंधुभगिनी परिचारिका, वॉर्डबॉय, आया म्हणून रुग्णालयांत राबत असतात. रुग्णालयाचा कारभार सुधारायचा असे वर ठरले की त्या सुधारणेचा भार प्रथम कोणाच्या खांद्यावर येतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. संत कॅमिलस यांच्या जीवनातही हा प्रश्न उभा राहिला होता. म्हणून त्यांचे चरित्र आज आपण थोडे जवळून पाहू या.

कॅमिलस यांचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुकियानिको या गावी झाला. वडील सैनिक होते. आई लहानपणीच देवाघरी गेली. साडेसहा फूट उंचीचा हा धिप्पाड तरुण व्हेनिसच्या सैन्यात दाखल झाला आणि जुगाराच्या आहारी गेला. पायाला झालेली जखम काही केल्या भरेना, म्हणून १५७१ साली तो रोममधील सान जाकोमो या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात आला. उपचार घेता घेता तेथेच त्याने नोकराचे काम धरले. परंतु पत्त्यांच्या नादापायी त्याला काढून टाकण्यात आले. पुढे नेपल्समध्ये जुगारात सर्वस्व गमावल्यावर मानफ्रेदोनिया येथे कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करण्याची पाळी त्याच्यावर आली. तेथेच २ फेब्रुवारी १५७५ रोजी, प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, त्याचे हृदयपरिवर्तन झाले. कापुचिन संघात राहण्याची त्याची तळमळ होती, मात्र पायाची जखम पुन्हा चिघळली आणि ती वाट बंद झाली.

कॅमिलस पुन्हा सान जाकोमोत आले. ज्या रुग्णालयातून त्यांना हाकलले होते, त्याच रुग्णालयाचे ते यथावकाश व्यवस्थापक झाले. त्या काळी रुग्णांची शुश्रूषा अल्प मोबदल्यावर ठेवलेल्या अप्रशिक्षित नोकरांच्या हाती असे. मरणासन्न माणूस तासन्तास तहानेने तळमळत पडून राही. कॅमिलस यांनी नियम केले, देखरेख ठेवली, रात्री-अपरात्री फेऱ्या घातल्या. तरीही त्यांची पाठ वळली की सारे पूर्ववत होई. नियम भिंतीवर लावता येतो, माया भिंतीवर लावता येत नाही, हे त्यांना उमगले. १५८२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मनात विचार आला की, केवळ देवाच्या प्रेमाखातर रुग्णसेवा करणाऱ्या माणसांचा एक समूह उभारावा.

रुग्णालयाच्या विश्वस्तांना हे रुचले नाही. आपला अधिकार हिरावला जाईल या भीतीने त्यांनी या मंडळींची छोटी प्रार्थनेची खोलीही मोडायला लावली. निराश झालेल्या कॅमिलस यांना क्रुसावरील प्रभूने स्वतः धीर दिला, अशी परंपरा सांगते. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक संत फिलिप नेरी यांनाही हा बेत पसंत नव्हता. तरीही कॅमिलस मागे हटले नाहीत. वयाची तिशी उलटल्यावर ते लहान मुलांच्या वर्गात बसून लॅटिन शिकले आणि १५८४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्यांच्या समूहाला मान्यता दिली व झग्यावर लाल क्रूस धारण करण्याची अनुमतीही दिली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा आरंभ १८६३ सालचा. त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी हा लाल क्रूस रोमच्या सांतो स्पिरितो रुग्णालयात रुग्णांच्या खाटांमधून फिरत होता.

कॅमिलस यांच्या सुधारणा साध्या होत्या. खेळती हवा, रुग्णाला मानवेल असे अन्न, संसर्गजन्य रोग्यांसाठी वेगळी जागा. प्राण गेला असे वाटल्यावरही काही वेळ प्रार्थना चालू ठेवावी, चेहरा लगेच झाकू नये, अशी त्यांची सूचना होती; कारण जिवंत माणसेही घाईने दफनास नेली जातात, हे त्यांनी पाहिले होते. १५९१ साली पोप ग्रेगरी चौदावे यांनी या समूहाला धर्मसंघाचा दर्जा दिला. प्राणांवर बेतले तरी, प्लेगच्या साथीतही रुग्णांची सेवा करावी, हे त्यांचे चौथे व्रत ठरले. १५८९ साली नेपल्सजवळ साथ पसरलेल्या जहाजांवरील सैनिकांची सेवा करताना त्यांच्या काही बांधवांना मृत्यू आलाच होता.

येथे चरित्रातील कठीण पान उघडते. आपल्या बांधवांनी रुग्णालयातच राहून दिवसरात्र सारी कामे स्वतः करावीत, असा कॅमिलस यांचा आग्रह होता. १५९४ साली मिलानच्या मोठ्या रुग्णालयात त्यांनी अशी संपूर्ण सेवा पत्करली. संघातील अनेकांनी विरोध केला. तरुण बांधव श्रमाने खचत होते, प्रार्थनेला व शिक्षणाला वेळ उरत नव्हता, संघावर कर्ज चढत होते. विरोध करणारे आळशी नव्हते, त्यांचेही रुग्णांवर प्रेम होते. वाद अनेक वर्षे चालला. अखेर १६०७ साली कॅमिलस यांनी नेतृत्वाचा त्याग केला आणि एक साधा सेवक म्हणून ते पुन्हा रुग्णांकडे वळले.

आम्हांला वाटते, संताचे मोठेपण या पानाने कमी होत नाही. त्यांनी इतरांकडून जे मागितले, ते स्वतः अधिक दिले होते. पायाची जखम त्यांनी सेहेचाळीस वर्षे सोसली. उभे राहवेना तेव्हा ते एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत सरपटत जात. १५९८ च्या नाताळात टायबर नदीला पूर आला, तेव्हा सांतो स्पिरितोतील रुग्णांना त्यांनी सहकाऱ्यांसह उचलून वरच्या मजल्यावर नेले. तरीही संतालाही हे शिकावे लागले की, सर्वांची ताकद आपल्याएवढी नसते आणि जो सेवकच कोसळतो, त्याच्या हातून रुग्णाची सेवा होत नाही.

१४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांनी देह ठेवला. १७४६ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. १८८६ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना रुग्णांचे व रुग्णालयांचे, तर १९३० साली पोप पायस अकरावे यांनी परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

२०२० च्या कोरोना साथीत परिचारिकांसाठी आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. साथ ओसरली, टाळ्या थांबल्या, रात्रपाळी मात्र थांबली नाही. सेवेचा मोबदला घेणे हे प्रेमाच्या विरुद्ध नाही. योग्य वेतन, पुरेशी माणसे आणि विश्रांती मागणे हाही स्वार्थ नव्हे. येत्या १४ जुलैला मिस्साबलिदानात आपण रुग्णांसाठी प्रार्थना करूच. त्याबरोबर आपल्या शेजारी रात्रपाळी करून दमून परतलेली जी भगिनी असेल, तिचे दार ठोठावून तिची विचारपूस करू या. घासभर गरम जेवण तिच्या हाती दिले, तरी संत कॅमिलस यांना ते आवडेल.